द्वेषाला शहरानं 'नाही' कसं म्हणायचं: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका फ्लेक्सवाल्याची वही

रात्रीचे साडेदहा झाले होते, शटर निम्मं खाली ओढलं होतं, तेवढ्यात एक पोरगं पेनड्राइव्ह घेऊन आत वाकलं. "अण्णा, दहा बाय आठ, दोन नग. सकाळी सातला पाहिजे बघा. पैशाचं टेन्शन घेऊ नका." फाईल उघडली. वर महापुरुषाचा फोटो, खाली गॉगल लावलेली पंधरावीस पोरं, आणि मधे सणाच्या शुभेच्छांखाली एक ओळ: अमक्या समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका. मी ओळ वाचली. 'दुकानातुन' मधला ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि प्रिंटला टाकलं.

शुद्धलेखन सुधारलं मी. बाकी काही नाही.

फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात सवयीनं आमच्या प्रेसचं नाव आणि मोबाईल नंबर छापला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एक चाचा आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. घरातल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका, एका बाजूला उर्दू, एका बाजूला मराठी, आमच्याकडेच छापलेल्या. धाकट्या मुलीची पत्रिका तेव्हा मशीनवर होती. ते बसले नाहीत, चहा घेतला नाही. "झालेली कार्डं देऊन टाका मालक. राहिलेली बघतो आम्ही कुठं तरी." एरवी मला 'अण्णा' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'मालक' म्हणाला. पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि गेले.

तेव्हापासून काउंटरखाली एक दोनशेपानी वही आहे. आधी तिच्यात फक्त नाकारलेल्या ऑर्डरी लिहायचो. मग गल्लीत काही घडलं की कोणाला फोन केला, कोण आलं, कोण आलं नाही, काय चुकलं, हेही लिहायला लागलो. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे. सोलापूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय, पण इचलकरंजी-मालेगावकडच्या माणसालाही यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

काय खपवून घ्यायचं नाही, ते आधी ठरवा

बहुतेक ठिकाणी इथंच गाडी अडते. घटना घडते, दहा माणसं जमतात आणि 'ही टीका की द्वेष' यावर रात्री बारापर्यंत वाद घालत बसतात. तो वाद शांत दिवशी उरकून घ्यावा.

सरकारवर, पक्षावर, नेत्यावर टीका चालेल. धर्मातल्या एखाद्या चालीवर बोललेलंही चालेल. या जिल्ह्याच्या मातीत बसवण्णांची वचनं आहेत आणि चोखोबांचे अभंगही आहेत, कडक बोलणं आपल्याला नवीन नाही. पण जन्मावरून अख्ख्या समाजाला चोर, घाणेरडा, देशद्रोही म्हणणं, त्यांच्याकडून घेऊ नका, त्यांना घर देऊ नका असं सांगणं, मारायला हात उचला म्हणणं, जातीवरून चारचौघांत पाणउतारा करणं, हे चालणार नाही. यात मुसलमान-हिंदू एवढंच येत नाही. आमच्या बुधवार पेठेतल्या दलित पोराला पूर्व भागात खोली नाकारली जाते, मागावर कामाला आलेल्या परप्रांतीय पोराला 'भय्या' म्हणून हाकलतात, तृतीयपंथी माणसाला सलूनमध्ये खुर्ची देत नाहीत. ही सगळी एकाच खात्यावरची बाकी आहे.

ओळखायची माझी पद्धत धंद्यातली आहे. संशय आला की मी मजकुरात समाजाचं नाव बदलून तिथं गिऱ्हाइकाच्याच समाजाचं नाव टाकतो, ए-फोर कागदावर प्रूफ काढतो आणि सहीसाठी पुढे ठेवतो. बहुतेक पोरं वाचतात, एकदा माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "ती ओळ काढून टाका अण्णा." एकदोघं भडकतात. त्यांची ऑर्डर वहीत जाते.

शहरातले सगळे फ्लेक्सवाले, साउंडवाले, बँडवाले एवढ्या एका नियमावर एकत्र आले तर निम्मं काम तिथंच होतं. विनापरवाना फ्लेक्स लावणं मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली, १९९५ च्या, गुन्हा आहेच. तेव्हा 'परवानगीचा नंबर आणा, मग छापतो' हे वाक्य आपल्याला भांडण न करता नाही म्हणायची सोय देतं. मी ते सर्रास वापरतो.

चौदा माणसांची यादी, त्यात पुढारी कमी

पोलीस ठाण्याची शांतता समिती असते. सणाच्या आधी बैठक होते, सूचना होतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो पेपरात येतो. ती असू द्या, तिथं ओळखी होतात. पण रात्री अकरा वाजता गल्लीच्या तोंडाशी उभं राहायला त्यातले किती येतात ते मी वहीत मोजलंय.

भिवंडीचं उदाहरण इथं उपयोगाचं आहे. तेही आपल्यासारखं मागाचं गाव, आपल्या तेलुगू विणकर पद्मशाली समाजाची कितीतरी घरं तिथं. १९७० आणि १९८४ ला तिथं मोठ्या दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांची मेख अशी की समिती एकेका मोहल्ल्याची, माणसं तिथलीच, रोज दिसणारी, आणि बैठका दंगल नसतानाही चालू. नळाचं भांडण, पार्किंगचं भांडण, सगळं तिथंच मिटायचं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

म्हणून यादी करताना माणूस किती मोठा आहे ते बघू नका. त्याच्याच गल्लीत त्याचं ऐकतात का, एवढं बघा. माझ्या यादीत रिक्षा स्टॉपवरचे दोघं आहेत, एक यंत्रमाग कारखान्यातला मुकादम, एक मशिदीचे विश्वस्त, दोन मंडळांचे अध्यक्ष, एक मुख्याध्यापिका, एक केबलवाला, डीजेवाला, चहाच्या गाड्याचा मालक, दवाखान्यातली सिस्टर आणि तीन बिडी कामगार बायका.

बिडीवाल्या मावश्यांना विसरू नका. रोज विड्या मोजून द्यायला आणि पान-तंबाखू घ्यायला त्या विडी कारखान्याच्या ब्रँचवर जातात, तिथं तेलुगू, मुसलमान, दलित, सगळ्या घरच्या बायका रांगेत असतात. शहरात काय शिजतंय ते पोलिसांच्या आधी त्या रांगेला कळतं. एकदा एका शाळेतल्या पोरीला पळवलं अशी बोंब उठली होती. आमच्या यादीतल्या मावशी फोनवर एवढंच म्हणाल्या, "कोण सांगूलालंय बे? पोरगी माझ्या शेजारी बसून भाकरी खाऊलालीय." पाच मिनिटांत तिचा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून, आईला विचारून, चार ग्रुपवर गेला आणि प्रकरण संपलं.

प्रत्येक नावापुढं दोन नंबर लिहा, एक त्याचा, एक घरातल्या दुसऱ्या माणसाचा. रात्री फोन सायलेंटवर असतात.

निवेदन आधीच लिहून ठेवा, आणि चार भाषांत

सोलापुरात अफवा मराठीत जन्मते, तेलुगूत वाढते, दख्खनी उर्दूत तिला शिंगं फुटतात आणि कन्नडमध्ये जाईपर्यंत दोघं 'मेलेले' असतात. उत्तर मात्र आपण एकट्या मराठीत देतो, तेही 'जातीय सलोखा अबाधित राखावा' असल्या भाषेत, जी मराठी माणसालाही दोनदा वाचावी लागते. मजकूर चार भाषांत तयार पाहिजे आणि त्या त्या घरातल्या माणसानं मोठ्यानं वाचून बघितलेला पाहिजे. मोबाईलवरच्या भाषांतरावर विसंबू नका. आमचं पहिलं तेलुगू निवेदन माझ्या आईनं वाचलं आणि विचारलं, "हे कोर्टाची नोटीस आहे का रे?"

आमचा मसुदा असा आहे, रिकाम्या जागा ऐनवेळी भरायच्या:

"काल रात्री ____ चौकात एका दुकानावर दगड मारले. हे आमच्या गल्लीत झालं, त्याची आम्हाला लाज वाटते. करणारे आमच्यातले असतील तर त्यांना आम्ही पाठीशी घालणार नाही. ____ पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. दुकान उद्या सकाळी उघडेल, आम्ही तिथं असू. फोटो, व्हिडिओ पुढे पाठवू नका. तुमच्याकडे काही असेल तर या नंबरवर सांगा."

खाली खरी नावं, धंदा आणि गल्ली. 'समस्त नागरिक' अशी सही कोणी वाचत नाही. 'अमुक तमुक, पिठाची गिरणी' ही सही वाचतात, कारण उद्या दळण तिथंच टाकायचंय.

दोन गोष्टींवर मी हट्टी आहे. एक, 'दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा' हे वाक्य नको. दगड एकानं मारला आणि काच दुसऱ्याची फुटली, तर संयमाचा उपदेश दोघांना सारखा कसा वाटायचा? दुसरी, 'हे बाहेरचे लोक होते' हे न तपासता लिहायचं नाही. प्रत्येक गावात प्रत्येक वेळी बाहेरचेच लोक असतात, कमाल आहे. माझ्याकडे आलेलं पोरगं तिसऱ्या गल्लीतलं होतं आणि त्याच्या बारशाची पत्रिकाही मीच छापली असणार.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. निवेदनावर पहिलं नाव ज्या समाजातून ती आगळीक झाली त्या समाजातल्या माणसाचं पाहिजे. मुसलमानाच्या दुकानावर दगड पडला तर मुसलमान विश्वस्तांनी शांततेचं आवाहन करण्यात काय विशेष? तिथं मंडळाच्या अध्यक्षाचं नाव वर यायला हवं. मशिदीजवळ मिरवणुकीवर काही फेकलं गेलं तर विश्वस्तांचं वर यायला हवं. दलित पोराला मारलं तर सवर्ण गल्लीतल्या माणसाचं. परक्याला नावं ठेवायला धाडस लागत नाही. आपल्याच माणसाला अडवताना घरात, जेवणाच्या ताटावर भांडण होतं, आणि शहर उभं राहिलं की नाही ते तिथं कळतं.

फोन आल्यापासून पहिले काही तास

आधी खरं काय ते बघा. यादीतल्या त्या भागातल्या माणसानं प्रत्यक्ष जायचं, बाकीच्यांनी तोवर काहीही पाठवायचं नाही. मारामारी चालू असेल तर ११२ लावा. मधे पडून हिरो व्हायला जाऊ नका.

ज्याच्यावर बेतलंय त्याला विचारा: तुझं नाव जाहीर करायचं का, फोटो द्यायचा का. तो नको म्हणाला तर विषय संपला. एकदा एका बाईंनी मला हात जोडून सांगितलं होतं, "भाऊ, तुम्ही मोर्चा काढाल आणि जाल, राहायचं मला इथंच आहे." मोर्चा रद्द केला. त्याऐवजी महिनाभर आमच्यातल्या दोघी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत होत्या.

पुरावा जपा. मेसेज असेल तर स्क्रीनशॉट घ्या, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मूळ मेसेज डिलीट करू नका आणि तो फोन फॉरमॅट करायला दुकानात देऊ नका. फ्लेक्स असेल तर काढण्याआधी चौक ओळखू येईल असा लांबून एक फोटो आणि मजकुराचा जवळून एक. भिंतीवर लिहिलं असेल तर पंचनाम्याआधी चुना मारू नका. मन होतं, पण थांबा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. वकिलाला आठवण करा.

स्टेटसवाल्या पोरांबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण हल्ली निम्मे फोन त्याचेच असतात. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि इंटरनेट बंद होण्यापर्यंत गेलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं काही तरी लावलं, कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, त्यावर घराचा पत्ता टाकून दोनशे लोकांना पाठवला. आता पोरापेक्षा स्क्रीनशॉट फिरवणारा जास्त धोक्याचा आहे. आमची पद्धत अशी: बाप आणि वर्गशिक्षक यांना बरोबर घेऊन स्टेटस काढायला लावायचं, पोराला त्या रात्री नातेवाइकाकडे पाठवायचं, घरापुढं आपली चार माणसं बसवायची, आणि हे सगळं ठाण्यात स्वतःहून सांगून ठेवायचं. पोरानं माफी मागितली तर ती मागताना व्हिडिओ काढू देऊ नका. कान धरून उठाबशा काढतानाचा व्हिडिओ हा पुढच्या भांडणाचा ॲडव्हान्स असतो. सराईतपणे द्वेष पेरणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र ही सवलत नाही. त्याच्यासाठी पुढचा रस्ता.

पोलीस ठाण्यात

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे जुन्या दंड संहितेचे आकडे विसरा. पूर्वीचं १५३-अ आता कलम १९६: धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यांवरून समाजासमाजांत वैर वाढवणं. तीन वर्षांपर्यंत कैद, प्रार्थनास्थळात केलं तर पाचपर्यंत. मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याचं पूर्वीचं २९५-अ आता २९९. अफवा आणि भडकावू विधानांचं ५०५ आता ३५३. जात, समाज, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांच्या जमावानं मिळून खून केला तर १०३ चं दुसरं उपकलम, शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून अपमानित केलं असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आधी नोंदवायला सांगा. त्यात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही हे २०१८ च्या दुरुस्तीनं स्पष्ट केलंय. त्यासाठी १४५६६ ही हेल्पलाइनही आहे.

एक गैरसमज दूर करतो. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ चा, हा समाजानं आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकलं तर आहे. जातपंचायतीनं एखादं घर वाळीत टाकलं तर वापरा. दुसऱ्या समाजाच्या दुकानांवर बहिष्कार घाला असं कोणी म्हणालं तर रस्ता १९६ आणि ३५३ चा.

तक्रार लेखी न्या, दोन प्रतींत. काय घडलं, कुठं, किती वाजता, कोणी पाहिलं. शब्द जसे उच्चारले तसेच लिहा, शिवी असली तरी; 'अपशब्द वापरले' म्हटलं की केस ढिली होते. हद्दीचा प्रश्न काढला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. गुन्हा फौजदार चावडी ठाण्याचा की जेलरोड ठाण्याचा, या वादात तुम्ही पडू नका. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, म्हणून 'चौकशी चालू आहे' हे उत्तर काही वेळा खरंही असतं. पंधराव्या दिवशी परत जा. नोंदवायलाच नकार दिला तर टपालानं पोलीस आयुक्त कार्यालयाला पाठवा, पावती जपा, तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

द्वेषपूर्ण भाषणांबाबत कोणी तक्रार केली नाही तरी स्वतःहून गुन्हा नोंदवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन राज्यांपुरता होता आणि २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना लागू झाला. त्याची झेरॉक्स आमच्या वहीत चिकटवलेली आहे. ठाण्यात अधिकारी बहुतेक वेळा वाईट नसतो, दबलेला असतो. कागद दिसला की त्यालाही वर सांगायला आधार होतो.

पण केसवर सगळी भिस्त ठेवू नका. १९६, २९९, ३५३ मध्ये कोर्टानं दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते आणि ती फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस बसेल ते सांगता येत नाही. केस चालेल तेव्हा चालेल, दुकान उद्या उघडायचंय.

बोहनी

अमेरिकेत माँटाना राज्यात बिलिंग्ज नावाचं गाव आहे. १९९३ च्या डिसेंबरात तिथं एका ज्यू कुटुंबाच्या खिडकीत, जिथं सणाचा दीपवृक्ष लावला होता, वीट मारली गेली. गावातल्या वर्तमानपत्रानं त्या दीपवृक्षाचं पानभर चित्र छापलं आणि हजारो बिगर-ज्यू घरांनी ते आपापल्या खिडकीला चिकटवलं. मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो. त्याच गावात एका मूळनिवासी बाईच्या घरावर घाणेरडं लिहिलं होतं, ते रंगाऱ्यांच्या युनियननं येऊन रंगवून दिलं. त्यांनी भाषण केलं नाही, आपलं काम केलं.

आपल्याकडे त्याला उत्तर आहे बोहनी. ज्याचं दुकान फुटलं त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी, शटर वर जायच्या आधी उभं राहायचं आणि काहीतरी विकत घ्यायचं. रोख पैसे देऊन, उधार नाही. दुकानदारानं नोट डोळ्याला लावून गल्ल्यात टाकली की काम झालं. एकदा आम्ही अकरा जण एका बेकरीत गेलो होतो. काचा अजून झाडायच्या होत्या. मालक म्हणाला, नानकटाई एवढीच शिल्लक आहे. अकरा जणांनी पाव पाव किलो नानकटाई घेतली. आठवडाभर घरी चहाबरोबर दुसरं काही नव्हतं.

फोटोग्राफर नेऊ नका. शाल-श्रीफळ तर अजिबात नको. नुकसानीची यादी करा, काचेवाला, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आपापल्या ओळखीतले पाठवा. इतर वेळी रमजानमध्ये विजापूर वेशीच्या मीना बाजारात अर्धं सोलापूर बांगड्या-चपला घ्यायला जातंच. त्या सवयीला जरा मुद्दाम वळण द्यायचं, एवढंच.

महापालिकेचा ठराव कसा आणायचा

गल्ली उभी राहिली तरी शहर म्हणून कोणीतरी बोलायला लागतं, आणि ते तोंड महापालिकेचं. या पालिकेला भूमिका घ्यायची सवय नवी नाही. ६ एप्रिल १९३० ला इंग्रज असताना तिनं तिरंगा चढवला होता. ८ मेच्या गोळीबारानंतर ९ ते ११ मे इंग्रजी अंमल शहरात उरला नव्हता, तेव्हा स्वयंसेवकांनी गाव सांभाळलं. १२ मे ला मार्शल लॉ आला, तो ३० जूनपर्यंत. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही चार नावं एका दमात म्हणून बघा. वेगळं निवेदन लिहायची गरज वाटत नाही.

ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात. ते वेगवेगळ्या पक्षांचे मिळवा, नाहीतर सभागृहात अर्ध्या तासात त्याचा चोथा होतो. मसुदा तुम्हीच लिहून द्या, टाइप करून. नगरसेवकाकडे वेळ नसतो आणि नगरसचिव कार्यालयाला वेळेत पोचलेला कागदच विषयपत्रिकेत जातो. नुसतं 'निषेध' लिहू नका, कामं लिहा:

"धर्म, जात, भाषा, जन्मस्थान किंवा लिंग यांवरून कोणाही नागरिकास धमकावणे, त्याच्यावर बहिष्काराचे आवाहन करणे वा त्याचा जाहीर अपमान करणे या शहरास मान्य नाही. अशी घटना घडल्यास २४ तासांत महापौर व आयुक्त यांनी मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दूत निवेदन प्रसिद्ध करावे. फलकाच्या परवानगीपूर्वी मजकूर तपासावा. प्रत्येक विभागीय कार्यालयात यासाठी एका अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी लावावा. बाधित दुकान वा घराचा राडारोडा पालिकेने त्याच दिवशी उचलावा."

शेवटचं वाक्य किरकोळ वाटतं, पण काचा उचलायला पालिकेची गाडी आली की त्या माणसाला कळतं आपण गावात आहोत. सभागृह अस्तित्वात नसेल, प्रशासक असेल, तर हाच कागद आयुक्तांना निवेदन म्हणून द्या आणि आवक क्रमांक घ्या. ठराव मंजूर झाला की विसरला जातो. दर सहा महिन्यांनी त्यातल्या कामांचं काय झालं ते माहितीच्या अधिकारात विचारत राहायचं.

मिरवणुकांचा मोसम

सोलापुरात वर्षाचे निम्मे दिवस कोणाची ना कोणाची मिरवणूक असते. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, फेब्रुवारीत शिवजयंती, १४ एप्रिलची भीमजयंती, मग बसव जयंती, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, गणपती, मोहरमचे पंजे, ईद-ए-मिलाद. भांडण बहुतेक वेळा तीन ठिकाणीच होतं: गाणं, अरुंद चौक आणि उशीर.

गाण्यांची यादी डीजेवाल्याकडून आठ दिवस आधी घ्या. तो देतो, त्यालाही बेस जप्त व्हायची भीती असते. अरुंद चौकात दोन्हीकडचे स्वयंसेवक एकत्र उभे करा, वेगवेगळे नकोत. मिरवणूक रेंगाळली की दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करताना वाद होतो, म्हणून शेवटचं मंडळ कुठं पोचलंय याचा फोन दर अर्ध्या तासाला. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरलाच आली, तेव्हा महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजानं आपला जुलूस एक दिवस पुढे ढकलला. त्याची परतफेड पुढच्या वर्षी आपण कशी केली, हे प्रत्येक मंडळानं आपापल्या बैठकीत विचारावं. आमच्या मंडळात विचारलं तेव्हा थोडा वेळ कोणीच बोललं नाही, मग एकानं मशिदीपुढचा मांडव दोन फूट मागे घ्यायचं सुचवलं. घेतला.

आमची यादी दरवर्षी डिसेंबरात नव्यानं छापतो, १२ जानेवारीच्या आत वाटायला. पोस्टकार्ड साइज, मागे चारही भाषांत निवेदनाचा मसुदा. नंबर बदलतात, माणसं वारतात, पोरं पुण्याला जातात. यंदा तीन नावं नवी आहेत, त्यातलं एक चाचांच्या थोरल्या मुलाचं. तो स्वतः आला, कार्डावरचा उर्दू मजकूर तपासून दोन नुक्ते दुरुस्त करून गेला. त्यांच्या घरच्या लग्नाच्या पत्रिका अजून दुसरीकडेच छापतात.